शुक्रवारचा राहुकाळ आणि माझी सीट

"तुझं काय बाई, तुझे वडील टीव्हीवर. तुला कोण नाही म्हणणार?" कॉलेजच्या पहिल्या वर्षात हे मी इतक्या वेळा ऐकलं की पुढेपुढे कुणी नुसतं "तुझं काय" म्हटलं तरी माझा पारा चढायचा. मी मुळातच तापट. आई म्हणते, ही जन्मल्यावर रडली नाही, भांडली. तर एकदाचं सविस्तर सांगूनच टाकते. प्रसिद्ध बापामुळे कॉलेजात सीट मिळते का, याचं उत्तर माझ्यापाशी आहे. फक्त ते एका वाक्यात मावत नाही.

माझे वडील एका कन्नड वाहिनीवर रोज सकाळी सात वाजता राशिभविष्य सांगतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आमचं घराणं इथं बेंगळुरात कित्येक पिढ्यांपासूनचं. घरात मराठीच बोलतो, पण "स्वल्प थांब" आणि "सरी, येतो मग" असली कन्नड कालवलेली, जी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. बाहेर मात्र अण्णांचं कन्नड असं खणखणीत की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी. कपाळावर गंध, खांद्यावर जरीकाठी उपरणं, आणि अर्ध्या तासात बारा राशी. शेवटची दहा मिनिटं प्रेक्षकांचे फोन. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची बदली होत नाही, एका आजींनी तर मांजर परत कधी येईल असं विचारलं होतं. अण्णांनी त्याचीही रास विचारली. मांजराची हो!

सगळं बेंगळूर त्यांना 'गुरुजी' म्हणून ओळखतं. जे. पी. नगरात आमच्या कोपऱ्यावरचा शहाळेवाला त्यांच्यासाठी वेगळं शहाळं बाजूला ठेवतो. ट्रॅफिक पोलीस स्कूटर अडवतो आणि लायसन्सऐवजी तळहात पुढे करतो. आणि मी? मी गुरुजींची मुलगी. शाळेत स्नेहसंमेलनाआधी बाई मला विचारायच्या, "त्या दिवशी पाऊस आहे का गं?" पेपरच्या आदल्या दिवशी मैत्रिणी म्हणायच्या, "बघ ना विचारून, कुठले धडे येतायत ते." मी दात ओठ खात हसायचे.

गंमत अशी, की मला आकाशाचं वेड लागलं ते याच माणसामुळे. अण्णा पंचांग विकत आणून वाचणारे नव्हेत, स्वतः मांडणारे. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ते तासन्‌तास गणित करत बसायचे आणि मला शेजारी बसवायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना मला तिथी काढता यायची. दिवेलागणीनंतर गच्चीवर नेऊन ते दाखवायचे, तो गुरू, तो शनी, ही रोहिणी, आणि काल चंद्र त्या पाण्याच्या टाकीवर होता, आज बघ कुठे सरकलाय. पण ते तिथून वळायचे ते कुणाच्या नोकरीकडे नि लग्नाकडे, आणि मला जायचं होतं दुसऱ्या बाजूला. शनीला कडी का आहेत, ती पडत का नाहीत. दुसऱ्या पीयूत, म्हणजे बारावीत, मी ठरवून टाकलं, फिजिक्सच करायचं. आणि तेही एकाच कॉलेजात, कारण त्या कॉलेजाच्या गच्चीवर दुर्बीण होती आणि तिथले प्राध्यापक मुलांना ती स्वतः हाताळू द्यायचे. सीटा मोजक्या. मार्क असून भागत नव्हतं, मुलाखत होती.

मुलाखतीचं पत्र ईमेलवर आलं तेव्हा मी घरभर नाचले. मग खालची ओळ वाचली आणि नाच तिथंच थांबला. 'पालकांपैकी एकानं सोबत येणं आवश्यक.'

आई आली असती तर प्रश्नच नव्हता. पण आईचा पाय प्लास्टरमध्ये. दोन आठवड्यांपूर्वी देवळाची पायरी चुकली होती. म्हणजे उरले अण्णा. आता तुम्हीच सांगा, समोर तीन शास्त्रज्ञ बसलेत, मी त्यांना सांगतेय की मला तारे कसे जळतात ते शिकायचंय, आणि शेजारी माझा बाप, जो त्याच सकाळी टीव्हीवर सांगून आलाय की मंगळ वक्री आहे, जावयाशी जपून बोला. मला दारातूनच नमस्कार केला असता त्यांनी!

मी अटी घातल्या. गंध पुसायचं. उपरणं घरी. साधा शर्ट-पँट. आणि आत गेल्यावर तोंडाला कुलूप. कुणी विचारलंच व्यवसाय काय, तर मी उत्तर देईन.

"आणि तू काय सांगशील?" अण्णांनी विचारलं.

"स्वतःचा व्यवसाय."

"खोटं नाही ते," असं म्हणून ते आपल्या कागदांकडे वळले. त्यांना वाईट वाटलं का, हे मी तेव्हा पाहिलंसुद्धा नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही. मुलाखत शुक्रवारी सकाळी, एवढंच म्हणाले. किती वाजता ते नाही. कारण वेळ होती साडेदहाची, आणि शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. आमच्या गावात राहुकाळ हे प्रकरण बाहेरच्यांना समजायचं नाही. इथं आयटी कंपनीतला माणूससुद्धा नव्या गाडीची किल्ली हातात घ्यायच्या आधी घड्याळ बघतो. दीड तास नव्या कामाला हात लावायचा नाही, बस. आणि अण्णा तर त्या दीड तासाचे राखणदारच.

शुक्रवारी ते स्टुडिओतून आठला घरी आले, गंध पुसून आले, इस्त्रीचा शर्ट घातला. आरशात बघून स्वतःच म्हणाले, "बँकेत लागल्यासारखा दिसतो मी." मग मी वेळ सांगितली. ते खाली बसले.

"अगं, साडेदहा? आज सकाळीच मी सांगितलं!"

"रोजच सांगता."

"रोज नाही असं. ॲडमिशनचे दिवस आहेत म्हणून आज मुद्दाम सांगितलं. विद्यार्थ्यांनी विशेष जपावं, बाराच्या आत पाऊल टाकू नये. लाखो लोक बघतात गं! कॉलेजला फोन कर, बारानंतर घेता का विचार."

मी नाही म्हणाले. कसं म्हणाले ते लिहीत नाही. आईनं प्लास्टरचा पाय स्टुलावरून न हलवता दोघांनाही गप्प केलं आणि आम्हाला दाराबाहेर काढलं.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं वहीत नाव लिहायला सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "पेन आहे का?" वॉचमननं मान वर केली, आ वासला आणि उठून वाकून नमस्कार केला. गंध पुसता येतं, आवाज कसा पुसणार? तिथून मुलाखतीच्या मजल्यापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली. ऑफिसातला क्लार्क धावत आला, खुर्ची घेऊन आला, खुर्ची फडक्यानं पुसली. "गुरुजी, तुम्ही कशाला आलात? फोन केला असता तर पुरे होतं!" मी मनात म्हटलं, झालं. लपवायचं ठरवलेलं सगळं फाटकातच उघडं पडलं.

पण खरा घोळ पुढेच होता. कॉरिडॉरमध्ये दहा-बारा मुलं होती, तितकेच आईबाप. माझ्या आधी तिघांचे नंबर. साडेदहा वाजले. दार उघडून एक मध्यमवयीन प्राध्यापिका बाहेर आल्या, हातात कॉफीचा कप, आणि त्यांनी पहिलं नाव घेतलं. कुणी उठेना. पहिल्या मुलाचे वडील, गळ्यात महादेवपुऱ्याच्या कुठल्याशा आयटी कंपनीचं ओळखपत्र, इंग्रजीत म्हणाले की एक झेरॉक्स राहिलीय, पुढच्याला घ्या. दुसऱ्याच्या आईला अचानक फोन आला. तिसरी एक मुलगी होती. लांब वेणी, मांडीवर फाईल, बोटं फाईलवर तबला वाजवतायत. ती उठली. तिच्या आईनं मनगट धरून तिला खाली बसवलं आणि म्हणाली, "हिला जरा चक्कर येतेय. बारापर्यंत बरं वाटेल."

चक्करसुद्धा घड्याळ बघून! आणि मग माझ्या लक्षात आलं. शेजारच्या बाईंच्या मोबाईलवर आवाज बारीक करून अण्णाच बोलत होते. सकाळचा कार्यक्रम. 'विद्यार्थ्यांनी विशेष जपावं.' अख्खा कॉरिडॉर त्यांच्या एका वाक्यावर बसून होता, आणि ते वाक्य बोलणारा माणूस मध्यभागी पुसलेल्या खुर्चीवर. प्राध्यापिका बाई एकदा सगळ्यांकडे बघून आत गेल्या. दार उघडंच राहिलं. आत तिघं रिकामे बसलेले दिसत होते. एक म्हातारे प्राध्यापक चक्क पेपर वाचायला लागले.

पुढचा नंबर माझा.

आमच्यासारख्या घरांची एक जुनी खोड आहे. चारचौघांत भांडायचं झालं तर मराठीत भांडायचं, आणि चेहरा हसरा ठेवायचा. कुणाला काही कळत नाही. आई साडीच्या दुकानात "हा मेला लुटतोय, ऊठ" असं इतक्या गोड हसून म्हणते की दुकानदार कॉफी मागवतो. तसंच हसत हसत मी म्हणाले, "अण्णा, उठा. मी आत जाणार."

"थांब गं. तासाभराचा प्रश्न आहे. कुणीच जात नाहीये, नंबर कुठे पळतोय तुझा?" अण्णाही हसरा चेहरा करून म्हणाले. समोरच्या बाईंनी आमच्याकडे कौतुकानं पाहिलं.

"तुमच्यामुळे जात नाहीयेत!"

"माझ्यामुळे नाही. राहूमुळे."

"अण्णा, हे लोक सायन्सवाले आहेत. आत बसून हसत असतील आपल्याला. आणि कळलं ना त्यांना तुम्ही कोण, की माझं नाव तिथंच खोडतील."

"सगळ्यांसमोर मीच राहुकाळात आत गेलो तर उद्या कुठल्या तोंडानं बसू टीव्हीवर? मला हे सगळं खरंच वाटतं गं. तुझं वाईट होईल म्हणून भीती वाटते."

 मला ते ऐकू आलं होतं. तरी मी बोलले, आणि हसत बोलले, ते अजून आठवतं, "मला तुमची लाज वाटते अण्णा. इथं तर फारच वाटते."

अण्णांचा चेहरा हसराच राहिला. सवय ना. फक्त त्यांनी घड्याळाचा पट्टा एका भोकानं घट्ट केला आणि मग सैल केला. मी मान वर केली तर प्राध्यापिका बाई पुन्हा दारात उभ्या होत्या, कपात चमचा ढवळत. कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी माझं नाव घेतलं.

अण्णा उठले. मी नव्हे, ते आधी उठले. कॉरिडॉरमध्ये खुसफुस झाली. वेणीवाल्या मुलीची आई घाबरून म्हणाली, "गुरुजी, अजून राहुकाळ आहे!" अण्णा "सरी, सरी" म्हणत चालू लागले. दाराशी मी पुढे व्हायला गेले तर त्यांनी मला चक्क खांद्यानं बाजूला सारलं आणि उजवा पाय आत टाकला. मी चिडले. मुलाखत माझी की यांची? तेवढ्यात त्यांनी मागे न बघता, माझ्यापुरतं म्हटलं, "राहूला आधी मी भेटतो. तू मागून ये."

माझे डोळे भरून आले. मुलाखतीच्या दारात, म्हणजे बघा! मी नाक ओढत आत गेले आणि म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पहिला प्रश्न विचारला तो, "सर्दी झालीय का?"

मग मात्र मजा आली. खरंच. मला वाटलं होतं सूत्रं विचारतील. बाईंनी विचारलं, चंद्र रोज उशिरा का उगवतो आणि किती उशिरा? मी म्हणाले, सूर्य आणि चंद्र यांच्यात बारा अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी होते. तीस तिथ्या, तीनशेसाठ अंश. म्हणजे चंद्र सूर्याच्या मानानं दिवसाला साधारण बारा अंश पूर्वेला सरकतो. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, तर बारा अंशांना अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हातारे प्राध्यापक म्हणाले, "पुस्तकात पन्नास आहेत." मी म्हणाले, "त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत चंद्र काय थांबून राहतो का, सर? तोही थोडा सरकतोच." तिघंही हसले. मग फळ्यावर आकृती काढायला लावली, मग ग्रहण, मग दोन ग्रहणं पंधरा दिवसांच्या अंतरानं कशी येतात. बाहेरून कुणी येतच नव्हतं, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. मी चाळीस मिनिटं आत होते.

शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं. "शाळेत तिथी शिकवत नाहीत. हे तुला शिकवलं कुणी?"

मागच्या खुर्चीवर अण्णा बसले होते. मी वळून पाहिलं नाही, पण खुर्ची करकरली. नंतर ते म्हणाले की ते खिडकीकडे बघायला लागले होते, म्हणजे मला सोपं जाईल. 'इंटरनेटवरून' असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. एका शब्दाचं काम.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणाले. "ते ज्योतिषी आहेत. टीव्हीवर रोज भविष्य सांगतात. मला भविष्य पटत नाही, पण पंचांगाचं गणित त्यांच्याइतकं चोख करणारं मी कुणी पाहिलं नाही. आकाश मी त्यांच्याकडूनच शिकले."

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून अण्णांकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "तुम्हाला स्वतःला पटतं हे सगळं?"

अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. तोंडाला कुलूप होतं ना! मी मान हलवली तेव्हा कुठे बोलले. "गणितात अंशाची एक कला चुकली तर मला चैन पडत नाही. बाकीचं आजोबांनी शिकवलं, मी मानतो. मुलगी मानत नाही. घरी रोज भांडण असतं."

"आणि बाहेरही असतं," प्राध्यापिका बाई म्हणाल्या. मराठीत. स्वच्छ, विदर्भातल्या मराठीत. "बेंगळुरात मराठी कळणारे पुष्कळ आहेत बरं का. कॉरिडॉरमध्ये जरा हळू भांडत जा." मग अण्णांकडे वळून म्हणाल्या, "आणि गंध लावून आला असता तरी चाललं असतं."

धरणी दुभंगावी असं मला पहिल्यांदाच वाटलं. अण्णा मात्र इतके खूश झाले की त्यांनी बाईंना गाव विचारलं, आडनाव विचारलं, बहुतेक रासही विचारली असती, मी ओढून बाहेर काढलं म्हणून.

बाहेर सगळे तसेच बसलेले. फक्त नजरा बदललेल्या. कौतुक गेलं होतं, त्या जागी संशय आला होता. साडेअकरा होत होते. क्लार्क अण्णांजवळ येऊन कुजबुजला, आतले म्हातारे मोठे सर एक वाजता निघणार आहेत, बारानंतर एवढ्या मुलांना पाच-पाच मिनिटंच मिळतील. अण्णांनी रांगेवर नजर फिरवली. हिशेब त्यांच्या डोक्यात झटकन होतो. मला चाळीस मिनिटं, यांना पाच.

वेणीवाल्या मुलीची आई उठून समोर आली. "गुरुजी, आम्हाला थांबा म्हणालात आणि स्वतःच्या मुलीला नेलंत आत?"

 मी मराठीत पुटपुटले, आता खालच्या आवाजात, "सांगा काहीतरी. राहूची शांती करून आलो होतो म्हणावं. चला इथून." खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी गप्प बसावं. मुलाखत झक्क झाली होती. बाकीच्यांना पाच मिनिटं मिळाली तर माझं काय जात होतं?

अण्णा खुर्चीला हात टेकून उभे राहिले आणि त्यांनी टीव्हीवरचा आवाज लावला. "राहुकाळ असतो तो नव्या कामाच्या सुरुवातीला. या मुलांनी काम आज सुरू केलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी अभ्यासाला बसली तेव्हाच सुरू केलंय. चालू कामाला राहुकाळ लागत नाही. हे मी सकाळी नीट सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे. तुमच्या मुलांचा वेळ माझ्यामुळे गेला. आता घड्याळ बघू नका, मुलांना आत पाठवा."

 मग ती वेणीवाली मुलगी आईचा हात सोडवून उठली आणि जवळजवळ पळतच आत गेली. मागोमाग झेरॉक्स सापडली, फोन संपला.

घरी येताना ऑटोत मी विचारलं, "हे चालू कामाचं खरंच आहे की बनवलंत?"

"आहे, आहे. आजोबांनीच शिकवलेलं."

"मग सकाळी का नाही म्हणालात? एवढं भांडलो ते कशाला?"

"आठवलं कुठे? तू फळ्यावर आकृती काढत होतीस तेव्हा आठवलं." मग म्हणाले, "भीती वाटली की माणूस निम्मं विसरतो गं." मी त्यांचा हात धरला आणि "सकाळचं ते लाजेचं..." एवढंच बोलू शकले. अण्णा म्हणाले, "असू दे," आणि ऑटोवाल्यानं आरशातून ओळखून स्वतःची रास सांगायला सुरुवात केली होती, त्याच्याकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रमात नुसता धुमाकूळ. चालू काम म्हणजे नक्की काय, असा एकच प्रश्न. साखरपुडा झालाय, तर लग्न चालू काम धरायचं का? एकानं विचारलं, पाया खणून सात वर्षं झाली, घर चालू आहे का बंद? अण्णा घाम पुसत उत्तरं देत होते आणि आई प्लास्टरचा पाय आपटत हसत होती.

आठवड्यानं यादी लागली. मी तीन मैत्रिणींना घेऊन बघायला गेले, मिठाईची पुडीसुद्धा पिशवीत होती. यादीत माझं नाव नव्हतं. खाली प्रतीक्षायादी, तिच्यात पहिलं नाव माझं. आणि मुख्य यादीत सगळ्यात शेवटचं नाव त्या वेणीवाल्या मुलीचं. प्राध्यापिका बाईंनी दारातून पुकारलेलं मी ऐकलं होतं, विसरणं शक्यच नव्हतं.

घरी येऊन मी काय काय बोलले ते आईला विचारा. गप्प बसला असतात तर ती बारानंतर आत गेली असती, पाच मिनिटांत तिचं काय झालं असतं, ती सीट माझी होती.  म्हणजे प्रसिद्ध बापाचा फायदा झाला का? झाला, चाळीस मिनिटं झाला. आणि मग त्यानं तो उभं राहून सगळ्यांना वाटून टाकला.

तीन आठवडे गेले. दुसरं कुठलं कॉलेज मला नको होतं. एका सकाळी मी नाश्त्याला बसले आणि मलाच कळायच्या आत बोलून गेले, "अण्णा, माझी पत्रिका बघा ना. मिळेल का मला?"

मी! ज्या मुलीला भविष्य पटत नाही ती. आईच्या हातातलं डोशाचं उलथणं तसंच राहिलं. अण्णांनी कधीच घरातल्या कुणाची पत्रिका पाहिली नव्हती. ते माझ्यासमोर बसले. 

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "रोज बारा राशींना सांगतो. तुझं मला काहीच दिसत नाही. बघायला बसलो की वाटतं, त्या दिवशी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. हवं होतं का?"

खोटं बोलायची माझी फार इच्छा होती. पण ती मुलगी कशी पळत आत गेली ते डोळ्यांसमोर आलं. "नाही," मी म्हणाले, आणि ताटावर वाकून हुंदके देऊन रडले. अण्णा उठले नाहीत. माझं रडून होईपर्यंत समोर बसून राहिले, डोसा गार झाला तरी.

त्याच महिन्यात इंजिनीअरिंगच्या सीटा वाटायला लागल्या आणि दरवर्षीसारखी फिजिक्सवाल्या मुलांची तिकडे पळापळ झाली. एका सकाळी मोबाईल वाजला. कॉलेजातून बोलतोय, एक जागा मोकळी झाली आहे, घेणार का? मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. आई म्हणते, मी फक्त किंचाळले. अण्णा मोरीत दाढी करत होते. अर्धा गाल साबणानं भरलेला, तसेच धावत बाहेर आले, "काय झालं? कोण पडलं?"

"मिळाली अण्णा! सीट मिळाली!"

ते भिंतीला धरून खाली बसले. साबण शर्टावर ओघळत होता, आणि लहान मुलासारखे ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "खरं? खरंच? नीट ऐकलंस ना तू?" मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.